अकरावी-बारावीच्या पोरांच्या मनात काय चाललंय, हे गूगल फॉर्ममधून कळेल का?

कळव्याची_मास्तरीण

नमस्कार मंडळी. कळव्यातल्या एका ज्युनियर कॉलेजात मी अकाउंट्स शिकवते. पोरं खारेगाव, विटावा, दिघा, मुंब्रा, दिवा अशी चहूकडून येतात. दोन्ही वर्षं मिळून सहाशेच्या आसपास. समुपदेशक मॅडम फक्त गुरुवारी येतात आणि स्पोर्ट्सचं सामान ठेवायच्या खोलीत बसतात. त्या खोलीचं दार नोटीस बोर्डाला लागून. आत कोण गेलं हे अख्ख्या कॉलेजला दिसतं, म्हणून आत कोणी जात नाही. आणि आत कोणी जात नाही म्हणून वर्षाच्या शेवटी रिपोर्टमध्ये "विद्यार्थ्यांच्या विशेष समस्या नाहीत" असं लिहिलं जातं.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल निर्देश दिले. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे पात्र समुपदेशक हवा, हेल्पलाइनचे नंबर ठळक लावा, वगैरे. तेव्हापासून आमच्या मॅनेजमेंटलाही जाग आली. चांगलंच झालं. पण जाग आल्यावर पहिलं काम काय केलं, तर एका कंपनीच्या माणसाला बोलावलं. त्यांचं अ‍ॅप आहे. पोरांनी रोज सकाळी पाच चेहऱ्यांपैकी एक दाबायचा, आठवड्यातून एकदा प्रश्नावली भरायची, आणि कॉलेजला डॅशबोर्ड मिळणार. त्यात प्रत्येक मुलाच्या नावापुढे हिरवा, पिवळा नाहीतर लाल ठिपका. पहिलं वर्ष फुकट. प्रिन्सिपल सरांना तो लाल ठिपका फारच आवडला. "म्हणजे कोणावर लक्ष ठेवायचं ते आधीच कळेल."

व्हाइस प्रिन्सिपल मॅडमचं म्हणणं, कंपनी कशाला, आपणच गूगल फॉर्म काढू, त्यात पीएचक्यू-नाइन (नैराश्य तपासायची प्रश्नावली) टाकू, झालं. फॉर्म काढायचं काम अर्थातच माझ्याकडे, कारण स्टाफमध्ये एक्सेल येणारी मी. अकाउंट्सवाल्यांच्या नशिबी हेच असतं.

मला फोनचं वावडं नाही. पोरं समोर बसून जे बोलत नाहीत ते टाइप करतात, हे मी रोज बघते. वर्गात तोंड न उघडणारी एक मुलगी रात्री साडेअकराला व्हॉट्सअ‍ॅपवर घसाऱ्याची नोंद विचारता विचारता मधेच लिहिते, "मॅम, हल्ली झोपच येत नाही." दुसऱ्या दिवशी बाजूला घेऊन विचारलं तर "काही नाही मॅम, असंच." पण तिच्या हातातला तो फोन तिचा नाही, आईचा आहे. आई आठला कामावरून आली की फोन हिच्याकडे, सकाळी पुन्हा आईच्या पर्समध्ये. हिने रडका चेहरा दाबला तर तो आधी कोण बघणार?

आणखी एक, हे ठाणेकरांना चटकन कळेल. आमच्या पोरांत कोणी चार दिवस गप्प बसला की "ठाण्याला पाठवा रे ह्याला" हे ठरलेलं वाक्य. १९०१ पासून मनोरुग्णालय तिथे आहे. बाकीच्या महाराष्ट्रासाठी ते नुसतं बोलणं झालं, आमच्यासाठी तो खाडीपलीकडचा पत्ता आहे. अशा ठिकाणी त्या डॅशबोर्डचा एक स्क्रीनशॉट जरी वर्गाच्या ग्रुपवर पडला, तरी त्या मुलाचं कॉलेज संपलं समजा.

तर विचारायचं ते असं. पोरांना नेमकं काय हवंय हे फोन-कंप्युटर वापरून समजून घ्यायचंच असेल, तर काय विचारावं, कसं विचारावं, आणि आलेलं उत्तर कोणी वाचावं? या क्षेत्रातलं कोणी असेल तर मोकळेपणाने लिहा. सरांपुढे ठेवता येईल असं काही द्या. "मुलांशी संवाद वाढवा" हे मला स्टाफ मीटिंगमध्ये मिळतं.

काका_वर्तकनगर

मोबाईलनेच पोरांची डोकी फिरली आणि आता मोबाईललाच विचारायचं की डोकं कसं आहे! चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. आमच्या वेळी शिक्षक घरी यायचे, वडिलांशी बोलायचे, प्रश्न सुटायचा.

वहीतली_पानं

काका, शिक्षक घरी आले की वडील पट्टा काढायचे, असंही सांगणारे बरेच लोक माझ्यासमोर बसतात. असो.

मास्तरीणबाई, मी ऐरोलीत समुपदेशक आहे, कॉलेजांतून काम करते. आधी पीएचक्यू-नाइनबद्दल सांगते, कारण तो हल्ली सगळ्यांनाच हाताशी सापडतो. नऊ प्रश्न, मागच्या दोन आठवड्यांबद्दल, प्रत्येकाला ० ते ३, बेरीज जास्तीत जास्त २७. दहा किंवा वर गेलं तर पुढे तपासून बघावं, एवढाच त्याचा अर्थ. निदान तो करत नाही. साधन चांगलं आहे, मीही वापरते. पण माझ्यासमोर मूल बसलेलं असतं तेव्हा.

त्यातला नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. आता तुमचा फॉर्म निनावी आहे असं धरा. नवव्या प्रश्नाला कोणीतरी "जवळजवळ रोज" असं उत्तर दिलं. म्हणजे सहाशेतल्या एकाला रोज असं वाटतंय हे तुम्हाला कळलं, आणि ते मूल कोणतं हे शोधायची वाट तुम्हीच बंद केलेली आहे. बरं, फॉर्म नावानिशी आहे असं धरा. मग ते उत्तर त्याच दिवशी वाचणारा, त्या मुलापर्यंत त्याच दिवशी पोचणारा आणि पोचल्यावर काय बोलायचं ते येणारा माणूस हवा. तुमच्या मॅडम गुरुवारी येतात. मुलाने शुक्रवारी रात्री भरलं तर? सहा दिवस ते उत्तर शीटमध्ये पडून राहणार, आणि "मी सांगितलं तरी कोणी काही केलं नाही" एवढंच त्या मुलाच्या लक्षात राहणार. न विचारलेलं परवडलं.

म्हणून दोन कामं वेगळी करा. अडचणीत असलेलं मूल शोधणं हे एक. मुलांना कुठल्या प्रकारची मदत हवी आहे, कुठे, केव्हा, कोणाकडून, हे समजून घेणं हे दुसरं. तुमच्याकडे आज जेवढी माणसं आहेत तेवढ्यांत पहिलं काम फॉर्मने करू नका. दुसरं जरूर करा. ते निनावी फॉर्मने उत्तम होतं, आणि खरं सांगायचं तर ते कोणी करतच नाही.

सगळे विचारतात, ताण कशाचा आहे. ते आपल्याला बऱ्यापैकी माहीत आहे. एनसीईआरटीने २०२२ मध्ये सहावी ते बारावीच्या ३ लाख ७९ हजार मुलांना विचारलं होतं, आणि नाव लिहिणं मुलांच्या मर्जीवर ठेवलं होतं. अभ्यास, परीक्षा, निकाल यांची चिंता वाटते असं ८१ टक्क्यांनी सांगितलं. तुमच्या सहाशे मुलांकडून तेच पुन्हा ऐकून काय करणार? परीक्षा तर तुम्ही रद्द करणार नाही. पण "गुरुवारच्या खोलीत तू का जात नाहीस" हे विचारलंत तर उत्तर आल्यावर दुसऱ्या दिवशी खोली बदलता येईल.

दुसरा एक आकडा सरांना दाखवा. युनिसेफच्या २०२१ च्या अहवालात १५ ते २४ वयाच्या तरुणांना विचारलं होतं की मानसिक त्रासात दुसऱ्याची मदत घेणं चांगलं का. भारतातल्या ४१ टक्क्यांनी हो म्हटलं. २१ देशांची सरासरी होती ८३. म्हणजे आपल्याकडची निम्म्याहून जास्त मुलं दारापर्यंतच येणार नाहीत. डॅशबोर्ड लावून ती येतील का? मला तर वाटतं ती आणखी लांब पळतील.

एक कायद्याची गोष्ट राहिली. फॉर्मच्या शेवटी "आणखी काही सांगायचं आहे का?" असा मोकळा चौकोन ठेवायचा मोह होतो. नावानिशी फॉर्ममध्ये तिथे कोणी लैंगिक अत्याचाराबद्दल लिहिलं, आणि मूल अठराच्या आतलं असेल, तर पॉक्सो कायदा २०१२ च्या कलम १९ नुसार कळवणं बंधनकारक आहे. "मी फक्त फॉर्म काढला होता" हे चालत नाही. याचा अर्थ विचारू नका असा नाही. मूल असं काही सांगू शकतं हे गृहीत धरून, पुढचं पाऊल ठरवून मगच विचारा. १०९८ हा मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर तुमच्या स्टाफमध्ये किती जणांना पाठ आहे, ते सहज विचारून बघा.

शेव_आणि_शीट

मी घणसोलीत राहतो, डेटाचं काम करतो, मनाचं काही कळत नाही. पण लाल ठिपक्याचं गणित मांडून दाखवतो. सर कॉमर्सचे असतील तर त्यांना लगेच पटेल.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयात मानसिक विकारांचं प्रमाण ७.३ टक्के आलं होतं. तुमच्या सहाशेला ते लावलं तर ४४ मुलं. आता उदाहरणापुरतं धरा की अ‍ॅप चांगलं आहे: खरा त्रास असलेल्या शंभरातले ८० पकडतं आणि त्रास नसलेल्या शंभरातल्या ८० ना बरोबर सोडतं. म्हणजे ४४ पैकी ३५ ना लाल. उरलेल्या ५५६ पैकी १११ नाही लाल. एकूण १४६ लाल ठिपके, त्यातले १११ चुकीचे. चार लाल मुलांमागे तीन उगाचच. आणि खरोखर त्रासातली ९ मुलं हिरवी दिसणार, त्यांच्याकडे तर आता कोणी वळूनही बघणार नाही, कारण डॅशबोर्ड म्हणतोय ठीक आहे. १४६ मुलांशी बोलायला गुरुवारी येणाऱ्या मॅडमना किती महिने लागतील तो हिशोब तुम्हीच करा.

अ‍ॅपवाले अजून एक सांगतील: प्रश्न विचारायचीही गरज नाही, फोनच सांगतो. झोप, फिरणं, बोलणं. हे अगदीच हवेतलं नाही. अमेरिकेत डार्टमथ कॉलेजात २०१३ मध्ये ४८ विद्यार्थ्यांच्या फोनवरून दहा आठवडे अशी माहिती गोळा केली होती. ज्यांची झोप कमी आणि समोरासमोरची बोलणी कमी, त्यांचे पीएचक्यू-नाइनचे गुण जास्त, असा संबंध दिसला. मला तो अभ्यास आवडतो. पण तिथे फोन त्या एकट्या विद्यार्थ्याच्याच हातात, दिवसरात्र. तुमच्या त्या मुलीचा फोन रात्री आठ ते सकाळपर्यंतच तिचा. त्यावरून दिवसाचं फिरणं-बोलणं मोजलं तर आईचं मोजलं जाईल. असर २०२३ या शिक्षणाच्या सर्वेक्षणात ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या पोरांना विचारलं होतं: स्वतःचा फोन असलेले मुलगे ४३.७ टक्के, मुली १९.८ टक्के. कळवा ग्रामीण नाही, मान्य. पण मुलगा-मुलगी हा फरक विटाव्याच्या पुलाखाली संपतो असं मला वाटत नाही.

कायदा: २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठराखालचा प्रत्येकजण मूल आहे. कलम ९ नुसार पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते, आणि मुलांवर पाळत ठेवणं किंवा त्यांच्या वागण्याची नोंद ठेवत राहणं याला मनाई आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य बंधनं टप्प्याटप्प्याने लागू होतायत, आणि शाळा-दवाखान्यांना ठरावीक कामापुरती सूट आहे. कंपनीचा माणूस सांगेल, आम्ही त्या सुटीत बसतो. लेखी मागा. बाहेर काय झालंय तेही ठेवा त्याच्यापुढे: ऑनलाइन समुपदेशन देणाऱ्या बेटरहेल्प कंपनीवर २०२३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ७८ लाख डॉलरची कारवाई केली, कारण लोकांनी मनाबद्दल भरलेली माहिती जाहिरातींसाठी फेसबुक, स्नॅपचॅटपर्यंत गेली होती.

आता तुमचा फॉर्म. सेटिंगमध्ये ईमेल गोळा करणं बंद. "एकच उत्तर" हा पर्यायही बंद, कारण त्यासाठी लॉगिन लागतं, आणि लॉगिन दिसलं की पोरं म्हणणार, बघ, नाव जातंय. कॉलेजच्या गूगल खात्यावरून फॉर्म काढलात तर तो आपोआप कॉलेजच्या खात्यांपुरताच उघडा राहू शकतो, तेही काढा. उत्तरांचा सारांश भरणाऱ्याला दाखवायचा पर्याय बंदच ठेवा. शीटमध्ये वेळेचा रकाना येतो, तो कोणाला द्यायच्या आधी उडवा, नाहीतर "११:०४ ला लॅबमध्ये कोण होतं" एवढ्यावर माणूस सापडतो. आणि तुकडी, मुलगा-मुलगी, राहायचं गाव हे तिन्ही एकत्र विचारू नका. अकरावी ब, मुलगी, दिघा: अशा किती जणी? एखाद्या गटात दहापेक्षा कमी उत्तरं आली तर तो आकडा कुठेच छापू नका.

दिवा_लोकल

मी वाचत होतो नुसता, पण लिहितो. आता एफवायला आहे. आम्हाला बारावीत असा फॉर्म भरायला लावला होता, कुठल्या कॉलेजात ते जाऊ द्या. कंप्युटर लॅब, रोल नंबरप्रमाणे मशीन, सर मागून राउंड मारतायत. पहिलाच प्रश्न: पूर्ण नाव. मी सगळीकडे "कधीच नाही" केलं. बाजूच्याने माझ्या स्क्रीनवर बघून तेच केलं, त्याला वाटलं बरोबर उत्तर असेल. नंतर काहीच झालं नाही. ना कोणी रिझल्ट सांगितला, ना कोणाला बोलावलं. पुढच्या वर्षीच्या पोरांना मी स्वतः सांगितलं, सगळं "नाही" मारा आणि सुटा.

खरं काय चाललं होतं ते मी रात्री एआयला लिहायचो. हसू नका. ते "एवढंच ना" म्हणत नाही. आणि सकाळी ते मला दिव्याच्या ब्रिजवर भेटत नाही. पण एक आहे, ते माझं सगळं बरोबरच म्हणतं. मी लिहिलं की मित्र मला टाळतायत, तर म्हणे तुला वाईट वाटणं स्वाभाविक आहे. माझी बहीण असती तर म्हणाली असती, अरे त्यांची प्रॅक्टिकल चालू आहेत, गप झोप.

फोनवर बोला, फोनवर बोला सगळे म्हणतात. आमचं घर एक खोली आणि किचन, माणसं पाच. कुठे बोलू? १४४१६ या हेल्पलाइनला मी लावला होता फोन, प्लॅटफॉर्मच्या मुंब्र्याकडच्या टोकाला जाऊन. चांगलं बोलले, मराठीतच. पण मधेच फास्ट गेली धडधडत, दोन मिनिटं मला काही ऐकू आलं नाही आणि त्यांना वाटलं मी रडतोय. म्हणून म्हणतो, टाइप करायची सोय हवी आणि नाहीतर बसायला जागा हवी. मॅडम, फॉर्ममध्ये हे विचारा ना. बोलायला जागा आहे का, हे आम्हाला कधीच कोणी विचारलं नाही.

आणि सगळ्यात वर लिहा: हे कोण वाचणार. "गोपनीय ठेवलं जाईल" नको. ते सगळेच लिहितात. अमुक मॅडम वाचणार, अमुक सर वाचणार नाहीत, असं लिहा.

वहीतली_पानं

दिवा_लोकल, तुझा शेवटचा परिच्छेद मी माझ्या कॉलेजांत जसाच्या तसा वापरणार आहे, चालेल ना? आणि तू तेव्हा फोन लावलास हे फार बरं केलंस. प्लॅटफॉर्म गैरसोयीचा आहे, पण पुन्हा गरज वाटली तर पुन्हा लाव. रात्रीही चालू असतो, पैसे लागत नाहीत. बाई, तुमच्या भिंतीवर १४४१६ लिहाल तेव्हा ही टेलि-मानस सेवा काय आहे हे दोन ओळींत लिहा: सरकारी आहे, ऑक्टोबर २०२२ पासून आहे, मराठीत बोलता येतं. नुसता नंबर पाहून मुलांना तो कुठल्यातरी कर्जाच्या कंपनीचा वाटतो.

एआयबद्दल मला तक्रार करायची नाही. मुलं तिथे का जातात हे समजून घ्यायला मात्र ते फार उपयोगी आहे. रात्री उघडं असतं, हसत नाही, ओळखीच्यांना सांगत नाही, टाइप करता येतं. आपल्या सोयीत यातलं काय आहे? स्पोर्ट्सच्या खोलीत यातलं एकही नाही.

शेव_आणि_शीट

"पहिलं वर्ष फुकट" यावर एक राहिलं. वोबॉट नावाचा, याच कामासाठी २०१७ मध्ये आलेला आणि बराच नावाजलेला चॅटबॉट ३० जून २०२५ ला बंद झाला. दोन-चार वर्षांत अ‍ॅप बंद पडलं तर पोरांचे चेहरे कोणाच्या सर्व्हरवर राहणार, हेही लेखी मागा.

काका_वर्तकनगर

दिवावाल्या मुला, तुझं वाचलं. माझा नातू पण रात्री फोनवर काहीतरी लिहीत बसतो. मी ओरडतो. आता जरा कमी ओरडेन.

बाई, मला तुमच्या त्या डेटाचं काही कळत नाही. मी एमआयडीसीत तीस-बत्तीस वर्षं सुपरवायझर होतो. कामगार तक्रारपेटीत चिठ्ठी टाकत नव्हते, कारण पेटी मॅनेजरच्या केबिनबाहेर होती. युनियनने ती कँटीनमध्ये हलवायला लावली, मग चिठ्ठ्या यायला लागल्या. तुमच्या मॅडमना लायब्ररीत बसवा. लायब्ररीत कोणीही कशालाही जातो. त्याला फॉर्म कशाला पाहिजे?

कळव्याची_मास्तरीण

काका, लायब्ररीचं आजच बोलले. लायब्ररियन मागच्या रॅकमागची जागा द्यायला तयार आहेत, फक्त गुरुवारी तिथलं झेरॉक्स मशीन बंद ठेवायचं, आवाज होतो. म्हणजे पोरांनी आत कुजबुजलेलं ऐकू जाऊ नये म्हणून मशीन चालूच ठेवलेलं बरं की काय, असा एक वाद आमच्यात झाला.

सगळ्यांचं वाचून मी कच्चा फॉर्म केलाय. नाव नाही, रोल नंबर नाही, गाव नाही, फक्त अकरावी की बारावी आणि मुलगा, मुलगी, किंवा सांगायचं नाही. मोकळा चौकोन नाही. पीएचक्यू-नाइन नाही. वरती तीन ओळी: हा फॉर्म अकाउंट्सच्या मॅडम आणि गुरुवारच्या मॅडम वाचतील, दुसरं कोणी नाही, यात तुमचं नाव कळत नाही, त्यामुळे आत्ता मदत हवी असेल तर हा फॉर्म ती देऊ शकणार नाही, त्यासाठी १४४१६, आणि काय कळलं ते पंधरा दिवसांत नोटीस बोर्डावर लावू.

प्रश्न असे. डोक्याला फार ताप झाला की तू आत्ता कोणाशी बोलतोस किंवा बोलतेस (मित्र-मैत्रीण, भावंड, आई, वडील, शिक्षक, ऑनलाइन ओळखीचं कोणी, एआय, कोणाशीच नाही). तू वापरतोस तो फोन आणखी कोण उघडतं. कोणाला ऐकू जाणार नाही अशी बोलायची जागा घरी आहे का. गुरुवारच्या मॅडमकडे गेला नसशील तर कशामुळे (माहीत नव्हतं, सगळ्यांना दिसतं, घरी कळेल, माझं तेवढं मोठं नाही, गुरुवारी क्लास असतो). मदत कशी मिळाली तर घेशील: समोर बसून, फोनवर, टाइप करून, मैत्रिणीला सोबत घेऊन. कोणत्या वेळी. आणि शेवटी ताण कशाचा, दोनच निवडायचे, त्यात परीक्षेबरोबर पैसे, घरातली भांडणं, प्रवास, दिसणं, प्रेम, पुढे नोकरीचं काय, हे सगळं ठेवलंय.

घरच्या फोनवर लिंक पाठवणार नाही. लॅबमध्ये, पण मशीन भिंतीकडे तोंड करून, कुठेही बसा, शिक्षक दाराबाहेर. ज्याला भरायचा नाही त्याने तेवढा वेळ यूट्यूब बघावं, मी विचारणार नाही.

दिवा_लोकल

मॅडम, "घरी कळेल" च्या खाली "मला ठाण्याला पाठवा म्हणतील" टाका. खरंच. पोरं हसतील आणि तेच दाबतील.

आणि वडिलांच्या आधी "गर्लफ्रेंड/बॉयफ्रेंड" टाका, मित्र-मैत्रीण वेगळं.

वहीतली_पानं

ठाण्याचा पर्याय टाकाच. फोन कोण उघडतं या प्रश्नाला "पासवर्ड आहे, पण घरी माहीत आहे" हाही पर्याय हवा, मुलींच्या बाबतीत तोच सगळ्यात जास्त येतो असा माझा अनुभव. "माझं तेवढं मोठं नाही" हे तुम्ही स्वतः सुचवलंत की मुलांकडून ऐकलंत? उत्तम आहे. ज्यांना गरज असते तीच मुलं हे सांगतात.

फॉर्म भरला त्याच दिवशी गुरुवारच्या मॅडम कॉलेजात असू देत, लायब्ररीत. प्रश्न वाचून एखाद्याला भरून येतं, आणि तेव्हा जाण्यासारखं ठिकाण उघडं हवं. कोणी आलंच आणि गंभीर वाटलं, तर कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, तुमच्यापासून सगळ्यात जवळ तोच. अठराखालच्या मुलाला उपचार सुरू करायचे तर पालक लागतात, म्हणून आधी मुलालाच विचारा की घरात सगळ्यात आधी कोणाला सांगायचं. बहुतेकदा ते आई-वडील नसतात, मावशी नाहीतर मोठी बहीण असते.

शेव_आणि_शीट

लॅबची मशीन वापरणार असाल तर ब्राउझरमध्ये कोणाचं खातं आधीच उघडं राहिलेलं नाही ना ते बघा. आणि प्रिन्सिपल सरांचं काय झालं?

कळव्याची_मास्तरीण

सरांनी १४६ आणि १११ दोनदा कॅल्क्युलेटरवर करून बघितलं. मग म्हणाले, "ठीक आहे, फॉर्म करा. पण मॅनेजमेंटला मी काय दाखवू?" मी म्हटलं, किती मुलांना बोलायला जागा नाही तो आकडा दाखवू. त्यावर काही बोलले नाहीत. कंपनीचा माणूस बुधवारी पुन्हा येतोय, त्याला मलाही बोलवा म्हटलंय. कलम ९ ची प्रिंट काढून ठेवली आहे. फॉर्म त्याच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवारी. पर्याय सगळे टाकले, ठाण्याचाही.